विचित्र इमारती टिकतात का, आणि डिचोलीत गोल घर बांधावं का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जगभरातल्या उलट्या, वाकड्या, माशाच्या नाहीतर टोपलीच्या आकाराच्या इमारतींचे व्हिडिओ बघून तुम्हाला वाटलं या उभ्या तरी कशा राहतात, किती वर्षं टिकतात, आणि गोव्यात डिचोलीजवळच्या तुमच्या वडिलोपार्जित प्लॉटवर असंच काहीतरी वेगळं, शक्यतो गोल किंवा डोमसारखं घर बांधलं तर चालेल का. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, फोंड्यात ऑफिस आहे, कामाचा अर्धा वेळ नवीन बांधकामात आणि अर्धा जुनी गळकी घरं दुरुस्त करण्यात जातो. उत्तर लांबणार आहे, कारण हा माझा अगदी आवडीचा विषय आहे.

आधी सरळ उत्तर देतो. वेगळं घर जरूर बांधा. डोम मात्र नको, आणि पूर्ण गोल पण नको, त्याच्या अगदी जवळचा एक आकार आहे तो शेवटी सांगतो. इमारत उभी राहणं हा आता कठीण भाग राहिलेला नाही, पैसे आणि चांगला इंजिनिअर असेल तर जवळजवळ कुठलाही आकार उभा राहतो. खरा प्रश्न आहे की वीस वर्षांनी तिची दुरुस्ती कोण करणार, कुठल्या सामानाने करणार आणि त्याचा हात त्या जागी पोचणार का. मी कुठलीही जगावेगळी इमारत बघतो तेव्हा पहिल्यांदा हेच बघतो आणि तुम्हीही बघायला लागलात तर निम्मे व्हिडिओ तुम्हाला वेगळेच दिसायला लागतील.

उभं राहण्याचं आधी उरकतो. गळ्यातली साखळी काढून दोन टोकं दोन हातात धरा, मध्ये तिला जो झोल पडतो त्या आकारात साखळीवर फक्त ताण असतो, दुसरं काही नाही. आता तोच आकार उलटा करून दगडाचा बांधला तर त्याच्यावर फक्त दाब येतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने ही गोष्ट १६७५ साली मांडली होती. आणि दगड, वीट, आपला जांभ्याचा चिरा हे सगळं दाबात मजबूत आणि ताणात कमजोर, म्हणून हा आकार सापडला की सळई न घालताही कमान शेकडो वर्षं उभी राहते. बार्सिलोनाच्या आर्किटेक्ट गौदीने हेच केलं, कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी त्याने छताला दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छर्‍यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या, त्या दोऱ्यांनी जो आकार घेतला तो उलटा करून बघितला आणि तसे खांब उभे केले. लोकांना ते तिरके वाटतात, पण भार ज्या दिशेने खाली जातो त्याच दिशेला ते उभे आहेत, म्हणजे हिशेबाने तेच सरळ आहेत.

सिडनीचं ऑपेरा हाऊस मात्र उलट्या रस्त्याने गेलं. १९५७ साली डेन्मार्कच्या योर्न उत्झॉनने स्पर्धा जिंकली ती हाताने काढलेल्या सुंदर शिडांच्या चित्रावर, त्या वळणाला कुठलाच हिशेब नव्हता. काही वर्षं डोकेफोड झाल्यावर मार्ग निघाला तो असा, की सगळी शिडं साधारण ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोळ्यातून कापलेली आहेत असं धरायचं. वळण सगळीकडे एकच झालं, मग तोच फर्मा परत परत वापरून काँक्रीटच्या फासळ्या ओतता आल्या आणि वरच्या दहा लाखांहून जास्त टाइल्सचे तयार पॅनल जमिनीवर बनवून चढवता आले. तरी ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, उत्झॉन १९६६ मध्ये काम सोडून गेला आणि १९७३ला उघडलेली इमारत त्याने पुढे आयुष्यात कधी बघितली नाही. आमच्या शटरिंगच्या सुताराला विचारा, तो तुम्हाला हेच सांगेल की वळणाला पैसे पडत नाहीत, प्रत्येक वेळी वेगळ्या वळणाला पडतात.

बीजिंगमधली सीसीटीव्हीची, म्हणजे चीनच्या सरकारी टीव्हीची बिल्डिंग पण तुमच्या व्हिडिओत असणारच, दोन मनोरे प्रत्येकी सहा अंशांनी कललेले आणि वर हवेत जाऊन एकमेकांना जोडलेले. तिच्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जोडणीची आहे. दोन्ही मनोरे वेगवेगळे वाढत गेले आणि २००७ साली हवेत जोडायची वेळ आली तेव्हा ती जोडणी पहाटे केली, कारण दिवसा एका मनोऱ्याला जास्त ऊन लागतं, दुसऱ्याला कमी, पोलाद कमीजास्त फुगतं आणि त्या अवस्थेत जोड पक्का केला तर तो ताण कायमचा आत अडकून बसतो. पहाटे दोन्हीकडचं पोलाद सारखं गार असतं. हे वाचलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं, एवढ्या अवाढव्य कामात कुणीतरी उन्हाचा एवढा बारीक विचार केला म्हणून.

माशाची, टोपलीची, हत्तीची इमारत या प्रकाराबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. हैदराबादला राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाची माशाच्या आकाराची इमारत आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९३१ची बदकाच्या आकाराची आहे, बदकं आणि अंडी विकायला बांधलेली. आत सगळीकडे नेहमीचे मजले आणि खोल्या असतात, बाहेरून वेष चढवलेला असतो. पोलंडमधलं शिंबार्कचं उलटं घरही तसंच, छपरावर उभं दिसतं पण भार नेहमीसारखाच खाली जमिनीत जातो. अशा इमारतीत धोका स्ट्रक्चरचा नसतो, मालकाच्या धंद्याचा असतो. ओहायोमध्ये लाँगाबर्गर नावाच्या टोपल्या विकणाऱ्या कंपनीने १९९७ला सात मजली टोपलीच बांधली, वर दोन कड्या, त्यांच्यावर बर्फ साचू नये म्हणून त्या गरम ठेवायची सोय. धंदा बसला, २०१६ पर्यंत लोक बाहेर पडले आणि टोपलीत ऑफिस थाटायला दुसरं कोण येणार हा प्रश्न उरला. तुमच्या घराला हे लागू आहे, तुमच्या मुलांना ते विकावं किंवा भाड्याने द्यावं लागलं तर काय, याचा विचार आताच करून ठेवा.

आता मुख्य मुद्दा, दुरुस्ती.

टोकियोत गिन्झा भागात १९७२ साली किशो कुरोकावाने नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. मधे दोन काँक्रीटचे गाभे आणि त्यांना बाहेरून लटकवलेल्या १४० कॅप्सूल, प्रत्येक जेमतेम अडीच मीटर बाय चार मीटरची, त्यातच पलंग, बाथरूम, गोल खिडकी, आणि प्रत्येक कॅप्सूल फक्त चार बोल्टवर धरलेली. कल्पना अशी की दर २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची, नवीन लावायची, म्हणजे इमारत कधी म्हातारी होणारच नाही. मला विचाराल तर विसाव्या शतकातली ही सर्वात सुंदर कल्पनांपैकी एक आहे. पण एकही कॅप्सूल कधी बदलली गेली नाही. एकतर त्या इतक्या दाटीने बसवलेल्या की खालची काढायची तर वरच्या आधी हलवाव्या लागणार, दुसरं म्हणजे प्रत्येक कॅप्सूलचा मालक वेगळा, सगळ्यांनी एकाच वेळी पैसे काढायला तयार व्हायला पाहिजे. फ्लॅटच्या सोसायटीत ज्याने टेरेसच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केलाय त्याला पुढचं सांगायला नको. गळती वाढली, पाइप गंजले, अॅसबेस्टॉस होतं म्हणून तोडफोड करणंही जिकिरीचं, शेवटी २०२२ मध्ये टॉवर उतरवला. तेवीस कॅप्सूल जपून ठेवल्यात. ज्या इमारतीचा मूळ विचारच दुरुस्तीचा होता ती दुरुस्तीअभावी गेली, आणि तेही जपानसारख्या देशात जिथे कारागिरी आणि पैसा दोन्ही आहे.

याच्या उलट न्यूयॉर्कचं सिटीकॉर्प सेंटर. तिथे प्लॉटच्या कोपऱ्यात चर्च होतं, म्हणून ५९ मजली टॉवरचे खांब कोपऱ्यात न ठेवता चारही बाजूंच्या मधोमध ठेवले, टॉवर उंच पायांवर उभा आणि कोपरे हवेत. १९७७ला काम पूर्ण झालं आणि पुढच्याच वर्षी इंजिनिअर विल्यम लेमेझुरियरच्या लक्षात आलं की कोपऱ्याच्या दिशेने तिरका वारा आला तर पोलादाच्या जोडांवर धरलेल्यापेक्षा जास्त ताण येतोय आणि ते जोड वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेत. मोठ्या वादळात इमारत पडू शकली असती. त्याने स्वतः जाऊन मालकांना सांगितलं आणि मग रात्री ऑफिसं रिकामी झाली की वेल्डर यायचे, २००हून जास्त जोडांवर दोन इंच जाड पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या, सकाळी लोक कामाला यायच्या आत आवरून जायचं. बाहेर ही गोष्ट १९९५ पर्यंत कळली नव्हती. लोक यातून प्रामाणिकपणाची गोष्ट सांगतात आणि ती आहेच, पण मला त्यात दुसरंही दिसतं, ते जोड हाताला लागत होते. जिप्सम बोर्ड काढला की समोर जोड, वेल्डर उभा राहील एवढी जागा. तेच जोड काँक्रीटमध्ये गाडलेले असते तर काय केलं असतं?

आणि माझी सर्वात आवडती इमारत माली देशातली, जेन्नेची मोठी मशीद. आत्ताची १९०७ची आहे, पूर्ण मातीची, जगातली सगळ्यात मोठी मातीची इमारत. भिंतींतून लाकडाच्या मोळ्याच्या मोळ्या बाहेर आलेल्या, फोटोत बघणाऱ्याला वाटतं ही काय नक्षी आहे, आणि दिसतंही ते फार देखणं. पण ती कायमची परांची आहे! दरवर्षी सगळं गाव जमतं, तरुण पोरं त्या लाकडांवर चढतात आणि चिखलाचा नवा गिलावा हाताने थापतात. म्हणजे जे सर्वात विचित्र दिसतं तेच दुरुस्तीसाठी ठेवलेलं आहे. २००९ मध्ये जोराच्या पावसानंतर तिच्या एका मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला, गावाला तो परत बांधता आला कारण माती तिथलीच, हात तिथलेच. आपल्याकडे पावसाच्या आधी घर शाकारायचे, कौलं उतरवून फुटकी बदलायची, वाशाला वाळवी बघायची, माडाची झापं विणून भिंतीला झडीच्या बाजूला बांधायची, ते यापेक्षा वेगळं नाही. ज्या घराला दरवर्षी कुणाचा तरी हात लागतो ते घर टिकतं.

आता तुमच्या डोमकडे येतो. बकमिन्स्टर फुलरचा त्रिकोणांचा डोम कमी सामानात मोठी जागा झाकतो, ताकदीला उत्तम, हे सगळं खरं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत हजारो तरुणांनी असे डोम स्वतः बांधले आणि लॉइड कान नावाच्या माणसाने ते कसे बांधायचे याची पुस्तकं काढली, ती प्रचंड खपली. काही वर्षं स्वतः डोममध्ये राहिल्यावर त्याच माणसाने आपलं खपणारं पुस्तक छापणं बंद केलं आणि डोम घर म्हणून चालत नाही असं जाहीर सांगितलं. कारण साधं आहे, डोमला भिंत आणि छप्पर वेगळं नसतं, सगळंच छप्पर, आणि त्या छपराला शेकडो सांधे. प्रत्येक सांधा सीलंटवर अवलंबून. ऊन लागलं की पॅनल फुगतात, गार झालं की आकसतात, सीलंट फाटतो. वळचण नसल्यामुळे खिडकीवर पाणी थेट येतं. कपाट भिंतीला टेकत नाही, पार्टिशन घालायचं तर प्रत्येक बोर्ड वेगळ्या आकारात कापा. रॉटरडॅमची ती पिवळी तिरकी क्यूब घरं, १९८४ची, पीट ब्लोमची, त्यांच्यातही साधारण शंभर चौरस मीटरमधली चौथाई जागा उतरत्या भिंतींमुळे वापरता येत नाही, पण तिथे निदान पाऊस आपल्यासारखा नाही.

पावसावर जरा जास्त बोलतो, कारण गोव्यात इमारतीचा खरा इंजिनिअर पाऊसच असतो. तुमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. बोस्टनजवळ एमआयटीची स्टाटा सेंटर नावाची इमारत आहे, फ्रँक गेहरीची, २००४ची, भिंती एकमेकींवर पडल्यासारख्या, बघायला मला आवडते. पण तीन वर्षांत एमआयटीने गळती आणि भेगांसाठी कोर्टात केस घातली, २०१० मध्ये तडजोड झाली. जगातली एवढी मोठी टेक्निकल संस्था, एवढा मोठा आर्किटेक्ट, तरी जिथे तिरकी भिंत तिरक्या छपराला भेटते तिथे पाण्याने वाट काढलीच. आणि आपल्याकडचं बघायचं तर म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, आरसीसीची सपाट टेरेस असलेल्या घरांवर नंतर पत्र्याची शेड चढवलेली दिसेल. हजारो घरमालकांनी आपापल्या पैशाने दिलेला हा निकाल आहे की इथे सपाट स्लॅब चालत नाही. मग स्लॅब उतरता ओतून त्यावर कौलं चिकटवायची फॅशन आली, त्यातही कौल आणि स्लॅबच्या मध्ये पाणी अडकतं, शेवाळ धरतं आणि गळती कुठून होतेय ते सापडतच नाही. नुसत्या लाकडी किंवा पाइपच्या रीपांवर कौल असेल तर खालून उजेडाचा ठिपका दिसतो, तेवढं एक कौल सरकवलं की काम झालं.

तुम्ही फेरोसिमेंटचं, म्हणजे जाळीवर थापलेल्या सिमेंटच्या पातळ कवचाचं विचारलंय, अहमदाबादच्या गुफेचे फोटो बघून. ती जागा मी स्वतः जाऊन बघितलीय आणि बाहेर पडावंसं वाटत नव्हतं. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी चित्रकार हुसेनसाहेबांच्या चित्रांसाठी १९९५ च्या सुमारास केलेली, जमिनीत अर्धी गाडलेली, घुमट एकमेकांत मिसळलेले, आत झाडांसारखे वाकडे खांब, वर फुटक्या चिनीमातीचं मोझॅक. आकार कॉम्प्युटरवर तपासला आणि बांधकाम साध्या हत्यारांनी, जाळीवर सिमेंटचा मसाला हाताने थापून, कवच जेमतेम एक इंच. भारतात गेल्या पन्नास वर्षांत झालेल्या कामांत मी तिला फार वरचं स्थान देतो. पण अहमदाबादचा पाऊस साधारण आठशे मिलिमीटर. एक इंचाच्या कवचात जाळीवर मसाल्याचं आवरण काही मिलिमीटरच बसतं. आपल्याकडे किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघड्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, आणि एम ३० ताकदीचं काँक्रीट मागतं, यावरून अंदाज करा. डिचोली समुद्रापासून आत आहे हे मान्य, तरी सहा महिने दमट हवेत पातळ जाळी गंजते, गंज फुगतो, मसाला पोपडे होऊन पडतो. दिल्लीचं कमळ मंदिर आठवा, १९८६चं, २७ पाकळ्या, वर ग्रीसचा संगमरवर. तिथल्या काँक्रीटच्या पातळ कवचात सगळी सळई आणि बांधायची तारसुद्धा गॅल्व्हनाइज्ड वापरली, गंजाचा डाग पांढऱ्या रंगावर येऊ नये म्हणून. एवढी काळजी आणि एवढा खर्च करायची तयारी असेल तर पातळ कवचाचा विचार करावा, घरासाठी मी करणार नाही.

मग वेगळं काय करायचं? त्यासाठी लांब जायला नको, तुमच्याच तालुक्यात बघा. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करायला लावला. घाटावरून पाहुणे आले की ते विचारतात, देवळाला असा घुमट कसा, शिखर कुठे आहे? आणि खाली उतरती कौलं. आपल्या गोव्यातली देवळं जगातल्या वेगळ्या इमारतींमध्ये सहज बसतात, अष्टकोनी बांधणीवर घुमट, समोर मंगेशीसारखा सात मजली दीपस्तंभ, फक्त आपण रोज बघतो म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. दगड, चुना, लाकूड, कौल, म्हणजे दुरुस्तीचं सगळं सामान हाताशी असलेलं, आणि म्हणूनच त्या देवळाची दुरुस्ती होऊन ते २०२३ मध्ये पुन्हा खुलं करता आलं. हरवळ्याची लेणी तर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, अख्खी चिऱ्यात कोरलेली, त्यांना सांधाच नाही म्हणून सांधा गळायचा प्रश्नच नाही. आणि पर्वरीजवळ तोरड्याला गोव्याच्या घरांचं म्युझियम आहे, जेरार्ड द कुन्हा यांचं, रस्त्यांच्या मधे सापडलेल्या तिकोनी जागेत जहाजासारखं उभं आहे. आकार विचित्र, पण तो प्लॉटने दिलेला. मुद्दाम वेळ काढून जाऊन या.

केरळही बघा, कारण हवा आपल्यासारखीच. तिरुअनंतपुरमला बस स्टँडजवळ आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचं इंडियन कॉफी हाऊस आहे, विटांचं, गोल गोल वर चढत जाणारं, जमीनच उताराची आणि त्या उतारावर कडेने बांधून काढलेली टेबलं. खिडक्या नाहीतच, विटांच्या जाळीतून वारा आणि उजेड. विटेचा कोपरा झिजला तर तिथलाच गवंडी तिथलीच वीट लावतो. मला वेगळेपणा असा आवडतो.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला अष्टकोन. पूर्ण गोल का नको ते सांगतो. मंगलोरी कौल, जे बाझल मिशनने १८६५ पासून मंगळूरला कारखान्यात बनवायला सुरुवात केली, ते आयताकृती आहे आणि शेजारच्या कौलात खाचेने अडकतं. गोल घरावर शंकूसारखं छप्पर येणार, त्यावर वर जाईल तसा घेर कमी होतो, म्हणजे प्रत्येक ओळीत कौलं कापावी लागणार, कापलं की खाच गेली आणि खाच गेली की पाणी आत. अष्टकोनात आठ सपाट त्रिकोण पडतात, कापाकापी फक्त आठ धारांवर, तिथे वरून कोन्याची कौलं मसाल्यात बसतात आणि हे काम तुमच्या गावातला कुठलाही मेस्त डोळे मिटून करेल. भिंती सरळ, म्हणून कपाटं टेकतात, खिडक्या नेहमीच्या मापाच्या बसतात, पण आत शिरल्यावर भावना गोल घराचीच येते, वर बघितलं की आठ दिशांनी वाशे मधे येऊन मिळालेले, फार सुंदर दिसतं ते.

मापं सांगायची तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये ३० फूट धरा, प्रत्येक बाजू साधारण साडेबारा फूट येते आणि क्षेत्रफळ ७४५ चौरस फुटांच्या आसपास. भिंत चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो, त्यामुळे ताजा चिरा तिरका कापायला सोपा जातो, कोपऱ्याचे चिरे कापून आधीच एका बाजूला रचून घ्या, कोपऱ्यात तुकडे भरून काम करू देऊ नका. छप्पर साधारण ३० अंशांच्या उताराचं, म्हणजे मधे ते साडेआठ फुटांनी उंच होईल. असं छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून आठही भिंतींवरून सलग फिरणारा आरसीसी बँड हवाच, त्यात सळई कोपऱ्यातून वळवून पुढच्या बाजूत नीट आत गेली पाहिजे, कोपऱ्यात तोडायची नाही, ओतायच्या आधी स्वतः उभं राहून बघा. वळचण तीन फूट बाहेर ठेवा, नैऋत्येकडच्या बाजूंना अजून थोडी. जास्तीची खोली हवी असेल तर अष्टकोनाला चिकटवून एल आकार करू नका, दोन छपरं जिथे आत मिळतात त्या व्हॅलीत पालापाचोळा साचतो आणि गळती ठरलेली. त्याऐवजी थोडं अंतर सोडून दुसरा छोटा अष्टकोन बांधा आणि मधे झाकलेली वाट ठेवा. समोर बाल्कांव, म्हणजे आपली ओसरी, आणि त्यात बसायला सोपे ठेवालच, ते सांगायला नको. बाथरूमचे पाइप भिंतीत गाडू नका, बाहेरून न्या आणि हवं तर जाळीने झाका.

आणि आर्किटेक्टकडून ड्रॉइंग आलं की त्याला एक विचारा, कौलं बदलायला माणूस चढणार तर शिडी कुठे लावणार, आणि टाकी, सोलर, डिश यांच्यासाठी दरवेळी छपरावर पाय द्यावा लागणार का. बहुतेक ड्रॉइंगमध्ये याचं उत्तर नसतं. टाकीसाठी वेगळा स्टँड करा, छपरावर काहीही ठेवू नका.

बांधायच्या आधी कन्व्हर्जन सनद, म्हणजे जमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी, झालीय का आणि टीसीपीच्या, म्हणजे नगर नियोजन खात्याच्या नियमाप्रमाणे किती सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडावा लागतो ते बघून घ्या, अष्टकोनात सेटबॅक सर्वात पुढे आलेल्या भिंतीपासून मोजला जाईल आणि छोट्या प्लॉटवर तिथेच घोळ होतो. प्लॉटचा कंटूर सर्व्हे, म्हणजे चढउताराची मोजणी, करून घ्या आणि जुलैत एका जोराच्या पावसात स्वतः तिथे जाऊन उभे राहा, वरच्या अंगाने पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते मोबाइलवर टिपून ठेवा. ते आणि सर्व्हेचा नकाशा घेऊन चवथीनंतर या, अष्टकोन कुठल्या बाजूला सरकवायचा आणि तोंड कुठे करायचं ते आपण बसून ठरवू.